विश्लेषण : मागच्या बंपरआड लपलेल्या झडपा कशासाठी? गाडीत शिरलेली हवा बाहेर जाते तरी कुठून?

नवी गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘दार जरा जोरात लाव, नीट लागलेले नाही.’ चारही काचा बंद असताना शेवटचे दार अडते, पण एखादी काच चार बोटे खाली घेतली की तेच दार हलक्या हाताने लागते. गाडी जुनी असेल तर गॅरेजवाला बिजागरीला वंगण घालतो, कुलपाचा खटका थोडा सरकवतो. अनेकदा दोष दारात नसतोच. काच खाली घेतल्यावर फरक पडत असेल तर दाराला अडवणारी गोष्ट म्हणजे गाडीत कोंडलेली हवा. ही हवा बाहेर पडावी म्हणून प्रत्येक मोटारीत खास वाट ठेवलेली असते. ती मागच्या बंपरच्या आड, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असते. तिच्यावर रबराचा किंवा मऊ प्लास्टिकचा पातळ पडदा लोंबत असतो. ही वाट बंद झाली तर काचा धूसर होतात आणि दारे अडतात. ती सताड उघडी राहिली तर सायलेन्सरमधून निघालेला धूर मागच्या सीटवर बसलेल्या मुलांपर्यंत पोहोचू शकतो.

झडपा असतात कुठे आणि दिसतात कशा?

हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये मागचा बंपर काढला की डाव्या-उजव्या बाजूच्या पत्र्यात पोस्टकार्डाएवढी किंवा त्याहून थोडी लहान-मोठी चौकट दिसते. काही गाड्यांत ती एकाच बाजूला असते. सेदानमध्येही जागा साधारण हीच, म्हणजे डिकीच्या बाजूच्या अस्तरामागे. पिकअपमध्ये डिकी नसल्याने ती केबिनच्या मागच्या भिंतीत, सीटच्या पाठीमागे सापडते.

पत्र्याला कारखान्यातच भोक पाडलेले असते. त्यात प्लास्टिकची जाळीदार चौकट खटक्यांवर बसवतात आणि चौकटीच्या कडेने फोमची किंवा रबराची पट्टी असते. जाळीवर बाहेरच्या बाजूने पातळ पडदे वरच्या कडेला अडकवून मोकळे सोडलेले असतात. आतून हवेचा दाब आला की पडदा बाहेर उचलला जातो आणि दाब ओसरला की स्वतःच्या वजनाने परत जाळीवर टेकतो. बाहेरून दाब आला तर तो जाळीवर आणखी घट्ट बसतो. यात स्प्रिंग नाही, मोटर नाही, वायरही नाही. कदाचित म्हणूनच गाडीच्या मालकाला आणि बऱ्याच गॅरेजवाल्यांना तिची आठवण होत नाही.

प्रवाशांच्या भागातली हवा इथवर येते ती मागच्या सीटच्या बाजूने, अस्तरांच्या फटींतून आणि डिकीतून. म्हणजे डिकी ही केवळ सामानाची जागा नसून हवेच्या रस्त्याचा शेवटचा टप्पाही आहे.

हवा बाहेर काढायची गरजच काय?

रिकाम्या बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावून आत फुंकर मारून पाहावी. थोडी हवा जाते आणि मग गाल फुगतात, पण बाटली आणखी हवा घेत नाही. हवा बाहेर पडायला जागा नसेल तर नवी हवा आत येऊ शकत नाही. गाडीचा ब्लोअर नेमक्या याच अडचणीत सापडतो.

जुन्या घरांत हा हिशेब न सांगता पाळला जाई. पुढचे दार आणि परसदार एका रेषेत ठेवले की वारा घरातून आरपार जातो. परसदार बंद केले की पुढच्या दारातली झुळूकही थांबते. गाडीत पुढचे दार म्हणजे वायपरखालची जाळी. वेगात असताना समोरच्या काचेच्या पायथ्याशी वारा आदळतो आणि तिथला दाब वाढतो. म्हणून ताजी हवा आत घेण्याची जागा तिथे ठेवलेली असते. ती हवा केबिन फिल्टरमधून गाळून, एसीच्या कॉइलवरून थंड होऊन डॅशबोर्डमधून येते, पुढच्या सीटवरून मागे सरकते, डिकीत उतरते आणि बंपरआडच्या झडपांतून बाहेर पडते. झडपा हे या गाडीचे परसदार. ते बंद असेल तर ब्लोअर चौथ्या क्रमांकावर गरजत राहतो. हवा मात्र त्या मानाने येत नाही.

याचा संबंध फक्त गारव्याशी नाही. आतली हवा आतच फिरवण्याचे एक बटण जवळपास सगळ्या गाड्यांत असते. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण, ही त्याची खूण. एसी लवकर थंड व्हावा म्हणून ते दाबले जाते आणि मग विसरले जाते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असते. पाच जण बसलेल्या, काचा बंद असलेल्या आणि आतलीच हवा फिरवणाऱ्या गाडीत ते अर्ध्या-पाऊण तासात काही हजारांवर जाऊ शकते. एवढ्याने कोणी गुदमरत नाही, पण डोके जड होते, जांभया येतात, लक्ष उडते. रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डोळे मिटू लागले की चालक चहाची टपरी शोधतो. त्याआधी त्या गोल बाणाकडे एक नजर टाकायला हवी. बाण विझवला की ताजी हवा येऊ लागते; अर्थात मागची वाट मोकळी असेल तरच.

पूर्वीच्या गाड्यांना या झडपा का नव्हत्या?

कारण त्या गाड्या फटींनी भरलेल्या होत्या. दारांचे रबर आजच्यासारखे घट्ट नव्हते आणि काचा चौकटीत सैल बसत. हवा कुठूनही येई आणि कुठूनही जाई. शिवाय पुढच्या दारात छोटी त्रिकोणी काच असे. अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत बसलेल्यांना ती आठवत असेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा चालक ती काच उलटी फिरवून अख्खा वारा स्वतःच्या छातीवर घेई आणि मागच्या उतारूला उरेल तेवढा मिळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. नव्या गाड्यांतून ती फिरणारी काच त्याच्या कितीतरी आधीच गेली होती.

तिला पर्याय निघाला तो १९६०च्या दशकात. ब्रिटनमध्ये फोर्ड कंपनीने १९६४च्या ऑक्टोबरमध्ये सुधारित ‘कॉर्टिना’ आणली. तिच्यात ‘एरोफ्लो’ नावाची व्यवस्था होती. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दिशा बदलता येणारे गोल झरोके आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या, अशी ती रचना. काचा बंद ठेवूनही गाडीतून वारा वाहू शकतो, हे सामान्य ग्राहकाच्या गाडीत दाखवून देणाऱ्या पहिल्या गाड्यांत तिची गणना होते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६६च्या ब्युइक रिव्हिएरामध्ये त्रिकोणी काच काढून टाकली, तर १९६८च्या शेव्हरले कॅमेरोमध्ये हीच कल्पना ‘अॅस्ट्रो व्हेंटिलेशन’ नावाने आली. आज स्वस्तातल्या स्वस्त मोटारीतही डॅशबोर्डवर जे झरोके दिसतात, त्यांचे मूळ या काळात आहे.

गाड्या जसजशा घट्ट होत गेल्या तसतशी मागची वाट अधिक महत्त्वाची ठरली. फोक्सवॅगनची जुनी ‘बीटल’ याचे प्रसिद्ध उदाहरण. ती इतकी घट्ट बांधलेली होती की काच किंचित उघडल्याशिवाय तिचे दार लावणे जिकिरीचे असे.

मग त्या जाळ्या दिसेनाशा का झाल्या?

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक गाड्यांच्या मागच्या खांबांवर काळी जाळी दिसते. पण तिथे पाऊस थेट पडतो, धुताना पाण्याचा फवारा आत जातो आणि बाहेरचा आवाज प्रवाशांच्या कानाजवळ येतो. रचनाकारांना ती कुरूपही वाटे. पुढे प्लास्टिकचे मोठे बंपर आले. बंपर आणि पत्रा यांच्यामध्ये सावलीची, आडोशाची पोकळी तयार झाली. वेगात जाणाऱ्या गाडीच्या मागच्या भागाभोवती हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे आतली हवा तिकडे आपसूक ओढली जाते. पाऊस अडतो, आवाज बंपरमध्ये जिरतो आणि गाडीची बाजूही सपाट राहते. या सोयीची किंमत मात्र आहे. जी गोष्ट बंपर काढल्याशिवाय दिसत नाही, ती बिघडली तरी कळत नाही. आणि त्याच पोकळीच्या शेजारी, बंपरच्या खालच्या कडेला, सायलेन्सरचे तोंड असते.

दार आणि एअरबॅगचा यात काय संबंध?

गाडीचे दार म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटरचा पंखाच. ते वेगाने आत येते तेव्हा समोरची हवा ढकलत आणते. लहान गाडीत मावणारी हवा असते जेमतेम अडीच-तीन घनमीटर, आणि बाकीची दारे व काचा बंद. क्षणभर दाब वाढतो, कानात दडा बसल्यासारखे होते आणि दार परत ढकलले जाते. झडपा मोकळ्या असतील तर त्या क्षणी त्यांचे पडदे फडकन उचलले जातात. डिकीजवळ शांतपणे उभे राहून दुसऱ्याला दार लावायला सांगितले तर काही गाड्यांत तो हलका फडफडाट ऐकूही येतो.

एअरबॅगच्या बाबतीत हेच फार वेगाने घडते. चालकासमोरच्या एअरबॅगमध्ये साधारण ५० ते ६० लिटर वायू भरतो, शेजारच्या प्रवाशाची पिशवी त्याहून बरीच मोठी असते आणि हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याआधी, सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकते. बंद डब्यात अचानक एवढा वायू आला की कानाच्या पडद्यावर ताण येतो. मागच्या झडपा त्यातला काही दाब बाहेर सोडतात. भारतात चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठीची २०२१ पासून बंधनकारक झाली आहे. आता अनेक गाड्यांत सहा एअरबॅग येतात, म्हणजे झडपांचे हे कामही वाढले आहे.

पावसाळ्यात काचा धूसर होण्याला त्या कारणीभूत असतात का?

एकट्या नाही, पण वाटा असतो. जुलैत वरंध किंवा आंबोली घाट चढताना गाडीत चार ओल्या छत्र्या, भिजलेले कपडे आणि पाच जणांचे श्वास असतात. ही सगळी वाफ थंड काचेवर जमते. एसी सुरू ठेवून बाहेरची हवा घेतली आणि झोत समोरच्या काचेवर सोडला की मिनिटभरात काच स्वच्छ व्हायला हवी. एसी हवेतले पाणी काढून घेतो आणि उरलेली दमट हवा मागून बाहेर जाते. एवढे करूनही मागची काच आणि मागच्या दारांच्या काचा दीर्घकाळ धूसर राहत असतील, तर हवा गाडीच्या मागच्या भागापर्यंत वाहतच नाही अशी शंका घ्यायला जागा आहे. गणपतीला गावी निघालेल्या गाडीत डिकी छतापर्यंत भरलेली असते, बाजूच्या अस्तरावर गोण्या आणि बॅगा दाबून बसवलेल्या असतात. अशा वेळी झडप ठीक असूनही तिच्यापर्यंतची वाट बुजते.

झडप उघडीच राहिली तर?

हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पडदा तुटला, वाकून अडकला किंवा संपूर्ण चौकटच निखळली, तर बाहेर जाण्याची वाट आत येण्याची वाट होते. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो. रस्त्याची धूळ आणि सायलेन्सरचा धूर त्या भोवऱ्यात फिरून गाडीच्या पाठीला चिकटतो. सगळ्यात जास्त मळते ती मागची काच, ती यामुळेच. कोकणात किंवा गोव्यात कच्च्या रस्त्यावरून गेल्यावर डिकी उघडली आणि आतल्या बॅगांवर लाल मातीचा थर दिसला, तर डिकीच्या दाराचे रबर किंवा या झडपा, दोहोंपैकी काहीतरी हवा आत सोडत आहे हे नक्की. जिथून माती येते तिथून धूरही येतो. फरक इतकाच की माती दिसते.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो आणि शरीराला मिळणारा ऑक्सिजन कमी करतो. पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातला बहुतांश भाग नष्ट करतो, पण तो चांगला तापल्यावरच. सकाळी नुकतीच सुरू केलेली गाडी किंवा कन्व्हर्टर खराब झालेली जुनी गाडी यांच्या धुरात त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. डिझेल गाडीच्या धुरात तो तुलनेने कमी असतो, मात्र काजळी आणि इतर घातक वायू असतातच.

कार्बन मोनॉक्साइडची पहिली लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, सुस्ती. मागच्या सीटवरचे मूल अशी तक्रार करू लागले की घरातले म्हणतात, ‘त्याला गाडी लागते.’ आल्याची वडी हातात दिली जाते, प्लास्टिकची पिशवी तयार ठेवली जाते. बहुतेक वेळा ती खरोखर गाडी लागणेच असते. पण ज्या मुलाला बसमध्ये, काकांच्या गाडीत काही होत नाही आणि याच गाडीत होते. मागे बसलेल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखते. काचा उघडल्यावर किंवा खाली उतरून थोडा वेळ मोकळ्या हवेत काढल्यावर बरे वाटते, तिथे वडीने भागणार नाही. गाडी उभी करून सगळ्यांनी बाहेर यावे आणि सायलेन्सरची नळी, डिकीचे रबर व मागच्या झडपा तपासून घ्याव्यात. चक्कर किंवा गुंगी असेल तर आधी डॉक्टर.

या विषयाची सर्वात मोठी जाहीर चौकशी अमेरिकेत झाली. फोर्डच्या एक्स्प्लोरर एसयूव्हीमध्ये धुराचा वास येतो अशा तक्रारींवरून तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुलै २०१६ मध्ये तपास सुरू केला. वर्षभराने तो २०११ ते २०१७ या काळातल्या १३ लाखांहून अधिक गाड्यांपर्यंत वाढवण्यात आला. त्याच जुलै २०१७ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी आपल्या सुमारे ४०० एक्स्प्लोरर गस्ती गाड्या सेवेतून बाजूला काढल्या. कंपनीने मागच्या भागातल्या फटी बुजवणे आणि एसीच्या संगणकीय सूचना बदलून अधिक ताजी हवा आत घेणे, अशी दुरुस्ती देऊ केली. जानेवारी २०२३ मध्ये तपास बंद झाला. सर्व गाड्या परत बोलावण्याजोगा दोष आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला.

त्या निष्कर्षातला एक तपशील मात्र प्रत्येक गॅरेजमध्ये लावून ठेवावा असा आहे. कार्बन मोनॉक्साइडचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते दिवे आणि यंत्रणा बसवताना नीट न बुजवलेल्या फटी राहिलेल्या पोलिसांच्या गाड्यांत, आणि मागून धडक बसलेल्या गाड्यांत. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या गाडीपेक्षा, नंतर कोणीतरी हात लावलेली गाडी अधिक धोक्याची ठरली. जोरात वेग घेताना आणि आतलीच हवा फिरत असताना गाडीच्या मागच्या भागात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकतो. फट असेल तर धूर नेमका तेव्हा आत ओढला जातो.

याच कारणाने डिकी उघडी ठेवून गाडी चालवणे वाईट. फ्रिज, सोफा किंवा उंच मखर मावत नाही म्हणून डिकीचे दार दोरीने अर्धवट बांधले जाते आणि मागच्या सीटवर दोघे जण सामान धरून बसतात. ती उघडी डिकी म्हणजे एक प्रचंड, पडदा नसलेली झडप. अगदीच इलाज नसेल तर पुढच्या काचा उघड्या ठेवाव्यात, गोल बाण विझवावा, ब्लोअर पूर्ण वेगाने चालवावा आणि अंतर कमीत कमी ठेवावे.

डिकीत पाणी साचते तेही यातूनच?

पुष्कळदा हो. पावसाळ्यात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी सापडले की संशय प्रथम डिकीच्या रबरावर जातो. ते बदलूनही पाणी येतच राहिले तर मागच्या दिव्यांच्या बैठका आणि या झडपा पाहाव्या लागतात. छतावरचे पाणी दिव्यांच्या कडेने उतरून बंपरच्या आत शिरते आणि झडपेच्या चौकटीवरून वाहते. चौकटीभोवतीचा फोम काही वर्षांनी आकसतो, भुगा होतो. मग पाणी आतल्या बाजूने झिरपते आणि अस्तराखाली दडते. वास येतो, पत्रा गंजतो, ओल्या गालिच्याची वाफ रोज सकाळी काचांवर चढते. काही गाड्यांत वायरिंगचे जोड आणि छोटे संगणक नेमके याच कोपऱ्यात असतात, तिथे खर्च बराच वाढतो. चौकट तुटलेली असेल तर उंदरालाही ते आयते दारच.

गॅरेजमध्ये नेमके काय चुकते?

मागून कोणीतरी ठोकले की बंपर बदलला जातो, पत्रा ठोकून सरळ केला जातो, रंग लागतो. पत्रा सरळ होतो, पण भोकाचा आकार किंचित बदललेला असतो. जुनी चौकट त्यात घट्ट बसत नाही. कधी तिचे खटके तुटतात म्हणून ती चिकटपट्टीने लावली जाते, कधी ती कोपऱ्यात राहून जाते. रंगकामाच्या वेळी पडद्यांवर रंगाचा किंवा गंजरोधक काळ्या लेपाचा फवारा बसतो आणि ते जाळीला कायमचे चिकटतात. बंपर बसला की गाडी चकाचक दिसते. विम्याचा सर्वेक्षक बाहेरूनच पाहतो.

बाहेरून सीएनजी किट बसवतानाही इकडे लक्ष राहत नाही. टाकी आणि तिची चौकट बाजूच्या अस्तराला टेकवून बसवली की हवेची वाट अरुंद होते. डिकीच्या तळाला पाडलेली भोके रबरी बूच न लावता सोडली जातात, तेव्हा खालून धूर आणि पाणी यायला नवी जागा होते. स्पीकरची पेटी बसवणारेही अस्तर कापतात. आवाज कमी व्हावा म्हणून डिकीत सगळीकडे फोम चिकटवणाऱ्या हौशी मालकांनी तर अनेकदा झडप आतून पूर्ण बुजवलेली असते आणि नंतर काच धूसर होते म्हणून एसीवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की हा प्रश्न सुटतो, असेही नाही. तिचा स्वतःचा धूर नसतो, पण पुढच्या ट्रकचा असतो. दारे तशीच अडतात आणि काचा तशाच धूसर होतात. बोगद्यात किंवा धूर ओकणाऱ्या वाहनामागे काही मिनिटे आतली हवा फिरवणे योग्यच, पण नंतर ते बटण बंद करायला हवे.

झडपा आहेत म्हणजे बंद गाडी सुरक्षित का?

मुळीच नाही. गाडी उभी आणि ब्लोअर बंद असेल तर या झडपांतून हवा वाहत नाही. उन्हात उभ्या गाडीत पहिल्या १० मिनिटांतच तापमान साधारण १० अंशांनी वाढते. मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला ‘काच थोडी उघडी आहे’ या भरवशावर आत ठेवणे जीवघेणे ठरू शकते. बंद गॅरेजमध्ये, इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन आणि एसी सुरू ठेवून झोपणे तितकेच धोक्याचे. तिथे बाहेरची हवाच धुराने भरत जाते आणि वायपरखालची जाळी तीच हवा आत घेते.

पुराच्या पाण्यातही त्यांची मदत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत पाण्यात अडकलेल्या बंद मोटारींमध्ये काहींचा जीव गेला. पाणी बंपरपर्यंत चढले की या झडपा पाण्याखाली जातात. त्यांचा पडदा हवेसाठी आहे, त्याच्याकडून जलरोधक दाराचे काम होत नाही. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत आले, गाडी बंद पडली, तर विजेवर चालणाऱ्या काचा काम करत आहेत तोवर त्या खाली घेऊन बाहेर पडणे एवढेच हातात असते.

घरच्या घरी तपासता येते का?

बरेचसे येते. सगळ्या काचा बंद करून एक दार नेहमीच्या जोराने लावावे, मग समोरची एक काच अर्धी उतरवून तेच दार तेवढ्याच जोराने लावावे. फरक खूप जाणवला तर झडपा किंवा त्यांच्याकडे जाणारी वाट बुजलेली असण्याची शक्यता आहे. दुसरी परीक्षा मोकळ्या जागेत घ्यावी. इंजिन सुरू, काचा बंद, गोल बाण विझवलेला आणि ब्लोअर पूर्ण वेगाने. दोन मिनिटांनी ब्लोअर तसाच ठेवून एक काच खाली घ्यावी. हवेचा झोत एकदम वाढल्यासारखा वाटला तर बाहेर जाण्याची वाट अपुरी आहे.

खात्री करायची तर डिकीतले बाजूचे अस्तर सैल करून विजेरीने पाहावे लागते. अनेक गाड्यांत ते दोन-चार बटणांवर असते. जाळी दिसली की पडद्यावर आतून बोट टेकवावे. तो सहज बाहेर जायला हवा आणि बोट काढताच परत टेकायला हवा. चिकटलेला असेल तर ओल्या फडक्याने पुसून सोडवता येतो. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्यावर धूळ बसून तो पुन्हा चिकटतो. पडदा फाटला किंवा फोमचा भुगा झाला असेल तर चौकट बदललेली बरी. सिलिकॉनने भोक कायमचे बंद करण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये. पाणी थांबेल, पण दाराची आणि काचांची तक्रार सुरू होईल.

मागच्या बाजूचे डेंटिंग-पेंटिंग झालेले असेल तर तपासणीची सोपी वेळ एकच, बंपर परत चढवण्यापूर्वी. गाडी नेऊन देतानाच ‘दोन्ही व्हेंट बसवल्यावर बंपर लावण्याआधी फोटो पाठवा’ असे जॉब कार्डवर लिहून घेता येते. फोटोत पत्र्याच्या दोन्ही बाजूंना काळी चौकट दिसली, तिच्यावर रंगाचे शिंतोडे नसले आणि पडदे सरळ लोंबत असले की पुरे.